मामा, खांब बसवले

मामा, तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. रडून झालं, नरसिंहपूरला जाऊन रक्षा संगमात सोडून झाली, तेराव्याच्या पंगती उठल्या, पण माझा राग काही उतरत नाही. लोकांना वाटतं सूनबाई गप्प आहे, सासऱ्याचं दुःख मनाला लावून घेतलंय. दुःख आहेच. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते मला स्वस्थ बसू देत नाही. तुम्ही असता तर मी बारामतीहून निघून तासाभरात निरवांगीला आले असते आणि ओसरीवर तुमच्यासमोर बसून ते पुरं केलं असतं. आता कुणाशी भांडू? आत्या सासू असल्या तरी त्यांच्याशी भांडवत नाही, आणि संदीप तर तुमचाच मुलगा, निम्म्या वाक्यात उठून जातो. म्हणून लिहायला बसले.

या घरात येऊन मला अकरा वर्षं झाली. मी ऑफिसात बसून इमारतींची गणितं करणार, खांब किती जाड आणि बीममध्ये लोखंड किती. आणि तुम्ही जन्मभर गवंडी. इंदापूर तालुक्यात तुमच्या हातची किती घरं असतील, तुम्हालाही सांगता आलं नसतं. पाहुण्यांत गेलात की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधी "आमची सून इंजिनेर हाय" हे सांगून व्हायचं, आणि घरी आलात की त्याच इंजिनेरचं एक म्हणणं मान्य करायचा नाहीत. स्लॅबला पाणी किती दिवस मारायचं यावरून एका दिवाळीत आपण दोघांनी ताटं गार केली होती. आत्या म्हणाल्या होत्या, ह्या दोघांना एकाच घरात कुणी आणून घातलं.

पण मामा, माझ्या पहिल्या साइटचं मी विसरलेली नाही. इंदापुरातला तो ठेकेदार मला "ताई, चहा घ्या" म्हणून खुर्चीत बसवायचा आणि लोखंड स्वतःला हवं तसं बांधायचा. मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही न सांगता एसटीनं तिथं हजर. दिवसभर वाळूच्या ढिगावर बसून राहिलात. मी मजुरांना काही सांगितलं की उठायचं, ते तसं झालंय का बघायचं आणि परत येऊन बसायचं, एवढंच केलंत. ठेकेदारानं दोनदा विचारलं, हे कोण? मी म्हटलं, माझे सासरे. संध्याकाळपर्यंत त्याचा सूर बदलला. परत येताना गाडीत तुम्ही मला सांगितलंत की शिकलेल्या माणसानं आवाज चढवू नये. ते काही मला जमलं नाही, आणि त्याची किंमत कुणाला मोजायला लागली ते पुढं येतंच आहे.

यंदा आत्यांनी शेवयांचं मोठं मशीन घ्यायचं ठरवलं. उन्हाळ्यात गावातल्या सात-आठ बाया आपल्याकडं शेवया आणि कुरडया करायला येतात, त्यांना पुढच्या खोलीत मांडी घालायला जागा पुरेना. पुढची आणि मधली खोली एक करायची, मधली भिंत काढून टाकायची, ही टूम संदीपची. मी वर-खाली जाऊन बघितलं. ती नुसती आडोशाची भिंत नव्हती. दोन्ही खोल्यांचा स्लॅब त्या नऊ इंची भिंतीवर टेकलेला, आणि वर मागाहून बांधलेल्या पत्र्याच्या खोलीची भिंत बरोबर तिच्याच डोक्यावर उभी. ती काढायची तर तिच्या जागी तेवढं ओझं पेलणारा लोखंडी गर्डर घालायला लागणार, आणि तो बसेपर्यंत दोन्ही बाजूंनी जॅक, म्हणजे स्क्रूनं वर-खाली होणारे लोखंडी टेकू, लावून स्लॅब तोलून धरायला लागणार. घर जॅकवर असतं तेवढे दिवस मला जेवण गोड लागत नाही.

गर्डर कुठला, इथून आपलं सुरू झालं. बारा फुटांचा गाळा, म्हणजे मधली मोकळी जागा तेवढी. मी गणित करून दहा इंची एक गर्डर काढला. तुम्ही म्हणालात आठ इंची दोन, शेजारी शेजारी. तुमचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, हे आज कबूल करते. दोन घातले की भिंतीची सगळी रुंदी झाकली जाते, वरच्या विटा कडेला लोंबत नाहीत, आणि एकेक गर्डर चार गड्यांत उचलता येतो. मोडायच्या भीतीनं बघायला गेलं तर दोन्ही पुरत होते. पण गर्डर मोडत नाही एवढ्यावर भागत नाही. तो लवतो किती हे बघायला लागतं, कारण गर्डर लवला की वरच्या भिंतीला तडे जातात. मी तुम्हाला लाकडी पट्टी दाखवली. आडवी धरली की बोटानं वाकते, उभी धरली की वाकत नाही, म्हणून रुंदीपेक्षा उंची बघायची. तुम्ही पट्टी हातात घेऊन उलटसुलट केलीत आणि तिनंच पाठ खाजवलीत. असे तीन रविवार गेले. तुम्ही फरशीवर खडूनं काढायचात, मी कागदावर काढायची, आणि आत्या चहाचे कप ठेवून आत निघून जायच्या.

तिसऱ्या रविवारी तुम्ही अचानक गर्डरचा नाद सोडलात. बरं, तुझा दहा इंची घाल, म्हणालात. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. तुम्ही कधी कुठल्या वादात एवढ्या सहज माघार घेतली होतीत? लगेच पुढचं आलं. गर्डरच्या दोन्ही टोकांखाली लोखंडी खांब पाहिजेत, जमिनीत आपापल्या काँक्रीटवर उभे, म्हणजे गर्डर भिंतीवर टेकणार नाही, खांबांवर बसेल. मी म्हटलं कशाला? दोन्ही टोकांना भिंतीचा दीड-दीड फूट भाग आपण ठेवतोच आहे, त्यात काँक्रीटचा ठोकळा घालू आणि त्यावर गर्डर ठेवू. खांब आले की वाट अडणार, आत्यांचं मशीन आत जायचं कसं? तुम्ही म्हणालात खांबांनी शोभा येईल. मला हसू फुटलं. ज्यानं जन्मात कधी आरशात बघून फेटा बांधला नाही तो माणूस मला शोभा सांगतोय. मग म्हणालात ताकद येईल. मी म्हटलं ताकद आहे, कागद बघा. तुम्ही कागदाकडं ढुंकून बघितलं नाहीत.

आता माझं पाप सांगते. त्या कागदावर मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, भिंत विटांची, सिमेंटमध्ये बांधलेली. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मी वीतभर प्लास्टर उडवून आतला सांधा डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती ओळ लिहिली नसती. ऑफिसात नवीन येणाऱ्यांना मीच हे घोकून घेते. इथं मी तुम्हाला फोनवर विचारलं, मामा, भिंत सिमेंटमध्येच आहे ना? तुम्ही जरा थांबलात.

"गवंड्याचं घर हाय ते," म्हणालात.

मी ते हो म्हणून लिहून घेतलं. गवंडी सासऱ्याच्या स्वतःच्या घराला, त्याच्या डोळ्यांदेखत, सुनेनं छिन्नी लावून खात्री करायची, हे मला शोभलं नसतं असं वाटलं. मान ठेवला तुमचा. तो मान त्या घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावर येणार होता.

बुधवारी भिंत पाडली. मी ऑफिसात होते, संदीप कारखान्यावर ड्युटीला, तुम्ही दोन मजूर घेऊन स्वतः उभे राहिलात. गुरुवारी संध्याकाळी मी बघायला आले. जॅकच्या दोन रांगा अशा ओळंब्यात उभ्या होत्या की मी मनात म्हटलं, असं काम आमच्या कुठल्या साइटवर होत नाही. भिंतीचा राडारोडा ट्रॉलीत भरून त्याच दिवशी लांब टाकून आलेला. दोन्ही टोकांच्या तुटक्या कडासुद्धा तुम्ही सिमेंटनं लिंपून गुळगुळीत केलेल्या. मला वाटलं, म्हाताऱ्याला अर्धवट काम बघवत नाही. आणि मग खाली लक्ष गेलं. दोन्ही टोकांना फरशी फोडून खड्डे घेतलेले, त्यांत काँक्रीट भरलेलं, आणि वर चार-चार बोल्ट उभे. मी तिथं उभी असतानाच बारामतीहून बाबूभाईंचा फोन आला, आपला गर्डर त्यांच्याच वर्कशॉपला कापायला दिला होता. विचारत होते, मॅडम, मामांनी खांब सांगितलेत, त्यांची उंची फरशीपासून धरायची का काँक्रीटपासून?

माझं डोकंच फिरलं. माझ्या पाठीमागं माझं डिझाइन बदललं, मला विचारलं नाही, सांगितलं नाही. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एक वाक्य मात्र आठवतं. मजूर उभे होते, आत्या दारात होत्या, आणि मी म्हणाले, "मामा, हे गवंडीकाम नाही. यातलं तुम्हाला काही कळत नाही."

तुम्ही थापी धुवत होता. ती धुऊन पाटीत ठेवलीत.

"व्हय, मला न्हाय कळत," म्हणालात. "पर खांब घाल, पोरी."

मी जेवायला थांबले नाही. रस्त्यात गाडी बाजूला घेऊन बाबूभाईंना फोन केला आणि खांब रद्द करायला सांगितले. त्या रात्री मला झोपसुद्धा शांत लागली, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शुक्रवारी सकाळी नऊला तुम्ही अंगणात बाजेवर बसून चहा पीत होता आणि कप हातातून पडला. मुक्कामाला घरीच असलेल्या संदीपनं डॉक्टरांना आणलं तोवर सगळं संपलं होतं.

मी पोचले तेव्हा अंगणभर मोटारसायकली उभ्या होत्या. तुम्हाला आत नेलं होतं, नव्या हॉलमध्ये, कारण आता तिथं भरपूर जागा झाली होती. नरसिंहपूरहून तुमचे थोरले भाऊ आण्णा माझ्या आधी येऊन पोचले होते आणि नेहमीप्रमाणे त्यांनी सगळं हातात घेतलं होतं. तुमच्याभोवती चाळीसएक बाया बसल्या होत्या. दारातून मला पहिल्यांदा दिसली ती तुमच्या अंगावरची पांढरी चादर, आणि चादरीवर सांडलेली बारीक भुकटी. मला वाटलं कुणी काही वाहिलंय. मग कळलं की ती वरून पडतेय. मी भिंतीकडं बघितलं तर सहा जॅक काढून कोपऱ्यात टेकवून ठेवले होते. मधलेच सहा. मयत मोकळ्या जागेत ठेवायचं, बायांना भोवती बसता यायला पाहिजे, पाया पडायला वाट पाहिजे, म्हणून आण्णांनी आणि भावकीतल्या पोरांनी ते काढले होते. भिंत पाडून स्लॅब पडला नाही, तर हे दांडके काढून काय पडतोय, एवढा साधा हिशोब.

मी ओरडले, सगळ्यांनी बाहेर व्हा. कुणी उठलं नाही. बायांना वाटलं सुनेचा शोक अनावर झाला, दोघी मला धरायला आल्या. मी त्यांचे हात झटकले आणि परत ओरडले. आण्णा पुढं आले, डोळे लाल झालेले.

"आगं, मयताच्या घरात आसं वरडत्यात व्हय?"

"आण्णा, डोक्यावरचा स्लॅब मोकळा आहे," मी म्हटलं. "आधी बाया बाहेर, मग मामा बाहेर. मग मला काय बोलायचं ते बोला."

संदीपनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता तुमच्या डोक्याकडची बाजू धरली. तुम्हाला लिंबाखाली नेलं. बुधवारचे दोघे मजूर तुमच्या मयताला आलेच होते, त्यांना घेऊन मी आत गेले. जॅक घाईनं ठोकून चालत नाही, कडेकडून मध्ये यायचं, हातानं फिरवत फिरवत स्लॅबला नुसता टेकवायचा, मग स्क्रूचा अर्धा आटा पिळायचा. अर्धा आटा आणि थांबायचं. बाहेर आत्यांनी फोडलेला टाहो मला आत ऐकू येत होता, आणि मी गुडघ्यांवर बसून स्क्रू फिरवत होते, वरून माझ्या डोक्यात चुना पडत होता. चौथ्या जॅकला वर कुठंतरी कट्ट असा आवाज झाला. एक मजूर पळाला, पण दारातून परत आला. सहावा बसेपर्यंत बाहेर तुम्हाला आंघोळ घालून झाली होती. मी तुमच्या पाया पडले ती तिरडी उचलायच्या वेळी, तसल्याच मळक्या हातांनी. वर जाऊन बघितलं तर पत्र्याच्या खोलीच्या भिंतीला खालपासून कमरेपर्यंत तडा गेला होता.

सुनेनं सासऱ्याला घरातनं बाहेर काढला, हे संध्याकाळपर्यंत निमसाखरपर्यंत पोचलं. बोलू देत. पण मामा, त्या चाळीस बाया तिथं बसलेल्या मला अजून दिसतात. आणि तुमचा चेहरा, त्यावर पडणारी ती भुकटी. तुम्ही जिवंत असता तर आण्णांना पहिला जॅक हलवू दिला नसता, शिव्या घालून बाहेर काढलं असतं.

सुतकात घरात काम नको, तेरावा होऊ दे, असं आण्णांचं म्हणणं पडलं. मी त्यांना वरचा तडा दाखवला, जॅकवर घर किती दिवस ठेवायचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, आमच्यात चालत नाही. संदीप खाली मान घालून बसला. सावडण्याहून आल्यावर आत्या पहिल्यांदा बोलल्या, तेही आण्णांकडं न बघता. "भावजी, घर पडलं तर सुतक कुठं बसून पाळायचं?" दुसऱ्या दिवशी मी काम सुरू केलं.

गर्डर टेकवायच्या ठोकळ्यासाठी भिंतीच्या टोकाला खाच घ्यायची होती. तुम्ही लिंपलेलं सिमेंट उडवलं, पुढचा घाव घातला आणि छिन्नी मुठीपर्यंत आत गेली. मला वाटलं एखादी वीट सडकी असेल. छिन्नी काढली तर मागून माती आली. काळी माती, भुसा मिसळलेली, भुरूभुरू खाली. मी हात घालून वीट ओढली, ती हलणाऱ्या दातासारखी हातात आली. दुसरी ओढली, तीही आली. दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं, तिथंही तेच. सिमेंट फक्त वरच्या प्लास्टरला होतं.

मी त्या दोन विटा घेऊन तिथंच बसले. मामा, ती भिंत वाईट नव्हती. अख्ख्या लांबीवर पसरलेलं ओझं ती इतकी वर्षं बिनबोभाट वाहत आली. पण भिंत काढून गर्डर घातला की तेच सगळं ओझं दोन टोकांवर येऊन बसतं, वीतभर जागेवर. त्या मातीच्या टोकांवर माझा काँक्रीटचा ठोकळा ठेवला असता, त्यावर माझा दहा इंची गर्डर ठेवला असता, जॅक सोडले असते. गर्डरला काही झालं नसतं. त्याच्या खालच्या विटा ढासळल्या असत्या, आणि कदाचित त्याच दिवशी नाही, दोन महिन्यांनी, मशीन सुरू असताना. खाली आत्या असत्या, बाया असत्या. आणि कागदावर माझी सही.

आत्या दारात उभ्या होत्या. मला ठावं हुतं, म्हणाल्या. मग जमिनीवर बसून त्यांनी सांगितलं. दिवसभर तुम्ही लोकांची घरं बांधायचात आणि अंधार पडायच्या आत तासभर आपलं. सिमेंट मिळायची मारामार. जे मिळालं ते स्लॅबला आणि बाहेरच्या भिंतींना घातलंत, मधली भिंत मातीत उभी केलीत, पुढं सवडीनं पाडून नीट बांधू म्हणून. ती सवड आली नाही. लोकांच्या घराला वीट कमी भाजलेली दिसली तर ट्रॉली परत पाठवणारा माणूस, त्याच्या स्वतःच्या घरात ती भिंत. कुणी घराची तारीफ केली की तुम्ही विषय बदलायचात, हे मला आत्ता आठवतंय. मला तो विनय वाटायचा.

तिथं मातीच्या ढिगाजवळ बसल्या बसल्या मला एकेक उलगडत गेलं. राडारोडा एका दिवसात का गेला. कडा का लिंपल्या. आठ इंची दोन का एवढ्या सहज सोडलेत. शोभा. तुम्हाला मला भिंतही दाखवायची नव्हती आणि आम्हाला तिच्या भरवशावर सोडायचंही नव्हतं, म्हणून तुम्ही तिसरी वाट काढलीत आणि माझ्या शिव्या खाल्ल्यात. त्या खड्ड्यांतलं काँक्रीट तोवर दगडासारखं झालं होतं.

मी बाबूभाईंना फोन लावला. म्हटलं, ते खांब मी रद्द केले होते, किती दिवसांत होतील? ते म्हणाले, मॅडम, कापून, प्लेटा मारून, रंग देऊन ठेवलेत. मी म्हटलं, मी तर नको म्हटलं होतं. तर म्हणाले, उंची त्याच रात्री मामांना विचारून घेतली, आणि त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, सून रद्द कर म्हणंल, तू तयार ठेव.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. खांब तुमच्या बोल्टांवर उतरवले तर दोन्ही प्लेटांची आठही भोकं बरोबर बसली, कुठं घासायला लागलं नाही. गर्डर चेनपुलीनं वर घेताना आण्णा आले आणि साखळीला लागले. स्लॅब आणि गर्डरच्या मधली फट लोखंडी पाचरी मारून सिमेंट-वाळूच्या कोरड्या मसाल्यानं ठासून भरली. तो मसाला घट्ट व्हायला दिवस द्यायला लागतात. ते दिवस मी ऑफिसातून रोज निरवांगीला जाऊन यायची, नुसतं बघायला, कुणी जॅकला हात लावला नाही ना. वरच्या तड्यावर काचेची पट्टी चिकटवून ठेवली होती. भिंत केसभर जरी हलली असती तरी काच तडकली असती.

काल जॅक सोडले. घरात कुणाला थांबू दिलं नाही. गर्डरच्या खाली या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी ताणली आणि मी आणि तो पळून परत आलेला मजूर, दोघंच आत. मधल्या जॅकपासून, प्रत्येकाचा अर्धा आटा सैल केला की थांबून दोरी बघायची. चौथ्या फेरीला गर्डर करकरला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. शेवटचा जॅक आडवा केला आणि दोरी मोजली. गर्डर लवला होता, साधारण एका जाड पुठ्ठ्याएवढा, माझ्या गणितापेक्षा कमीच. खांबांजवळ तर काहीच नाही. वर जाऊन बघितलं, काच शाबूत. आत्या आत आल्या, एका खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, मशीन ह्याच्या पलीकडून आत जाईल, खड्डे घेतानाच मापून बघितलं हुतं त्यांनी.

मग मी आत्यांना विचारलं, मला सांगितलं का नाही मामांनी? मी काय परकी होते? आत्या म्हणाल्या, "तुला सांगायची लाज वाटायची त्यांना. दुसऱ्या कुनाला न्हाय."

माझा राग इथंच अडकलाय, मामा. सकाळपासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय. एका वाक्याचं तर काम होतं. पोरी, ती भिंत मी मातीत बांधलीय, एवढं म्हणायचं होतं. मी तुम्हाला त्यावरून कमी लेखलं असतं का? काल रात्री संदीपला हेच विचारलं, तो नाही म्हणाला. आत्याही नाही म्हणाल्या. सगळ्यांना मी हेच सांगत सुटलेय की मी तसं कधीच केलं नसतं.

तुमच्याशी खोटं बोलत नाही. लेखलं असतं, मामा. त्या गुरुवारी तुम्ही मला ते सांगितलं असतं तर मी ते मजुरांसमोर तुमच्या तोंडावर मारलं असतं, आणि सोमवारी ऑफिसात हसत सांगितलं असतं की जन्मभर लोकांना भिंती शिकवणाऱ्या आमच्या सासऱ्यांनी स्वतःची मातीत बांधलीय. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत.